मिक्लोशचं गाव

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात सगळं घाटकोपर घामानं चिकचिकत होतं, आणि पंतनगरातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर जयवंत सावंत गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. तोंडातून वाफ निघत होती.

कारण होतं पुस्तक. तरुणपणी जयवंत लेखक व्हायला बोटीनं पॅरिसला गेला होता. आपापला देश सोडून आलेले चित्रकार, कवी आणि नुसतेच दाढीवाले अशा घोळक्यात तीन हिवाळे उपाशी काढून तो लेखक न होताच परत आला. मग साबणाच्या जाहिरातींची भाषांतरं करता करता केस पिकले. आता कुठं एका प्रकाशकानं त्या दिवसांच्या आठवणी मागितल्या होत्या. महिनाअखेर हस्तलिखित, दिवाळीला पुस्तक. आयुष्यातलं पहिलं आणि, ब्लडप्रेशर बघता, बहुधा शेवटचं.

सुरुवातीची पानं झरझर झाली. मग मिक्लोश मेला ते पान आलं. मिक्लोश त्याचा खोलीतला जोडीदार, हंगेरीहून पळून आलेला चित्रकार. खोली एक, कांबळं एक. तिसऱ्या हिवाळ्यात तो खोकून खोकून गेला आणि तिथल्या नगरपालिकेनं त्याला कुठंतरी पुरला. जयवंतनं हे दोन ओळींत उरकलं आणि आपल्या पहिल्या छापून आलेल्या कवितेकडे वळला.

तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं.

त्या दिवसापासून खोलीत टर्पेंटाइनचा वास आणि थंडी. इथली नाही, तिथली, पॅरिसची. हाडात शिरणारी. जयवंत लिहायला बसला की समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक पुंजका उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. कुणीतरी श्वास घेत बसल्यासारखा. जयवंतची बोटं बधिर व्हायची, पेन गळून पडायचं. पुस्तक त्या दोन ओळींपुढं सरकेना.

"माझे गुडघे धरलेत," त्याची बायको वनमाला स्वेटरच्या आतून म्हणाली. "एक तर पुस्तक बंद करा, नाहीतर त्याला बाहेर काढा."

"पुस्तक नाही बंद होणार."

"मग त्याला काढा. कांबळं पुरलं दोघांना, बायको थोडीच पुरणार!"

शेजाऱ्यांची मात्र चंगळ झाली. समोरची कुंदा श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली. "वहिनी, तासभर ठेवते हं तुमच्या भुताजवळ. आमच्याकडे फ्रिज कुठाय!" वरच्या मजल्यावरचा काशीराम तर जेवून रोज पेपर घेऊन यायचा आणि थेट पलंगावर आडवा व्हायचा. "झकास पाव्हणा आहे यार तुझा. काढू नको रे, पावसाळ्यापर्यंत तरी राहू दे."

शेवटी वनमालानं वाकोल्याच्या धोंडूला बोलावलं. धोंडू एरवी टॅक्सीचे मीटर दुरुस्त करायचा आणि रविवारी गाऱ्हाणं घालायचा. नारळ हातात घेऊन, देवाला साकडं घालून, भरकटलेल्या आत्म्याला त्याच्या गावच्या हद्दीत पोचतं करायचं. पॅरिसच्या भुताला मालवणी गाऱ्हाणं समजेल का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. मालवणी माणसाला तो पडत नाही.

"खाणा-पिणा काय होता त्याचा?" धोंडूनं विचारलं.

"कडक पाव. आणि लाल वाइन."

पावाच्या जागी इराण्याकडचा ब्रून पाव आला. वाइनच्या जागी काशीरामनं कुठून तरी देशीची बाटली पैदा केली आणि लाल दिसावी म्हणून कुंदानं तिच्यात कोकम पिळलं. सगळं केळीच्या पानावर मांडलं. खोलीत माणूस मावेना. सगळे भक्तीनं आले होते, अंगाला घाम येऊ नये ह्या भक्तीनं. पलंगाची कड हळूच दबली. तिथं कुणी बसलं नव्हतं.

धोंडूनं नारळ उचलला. "नाव?"

"मिक्लोश."

"गाव?"

"हंगेरी."

"तो देश झालो, भाऊनू. देशात खंय उतरवू त्याका? गाव सांगा."

जयवंतनं हस्तलिखिताची पानं चाळली, गाव कुठंच नव्हतं. तीन हिवाळे एका कांबळ्यात. मिक्लोशला जयवंतचं मालवण पाठ होतं; विहीर, पाणंद, आजीची आमटी, सगळं. अर्ध्या रात्री विचारून विचारून ऐकायचा. आणि ह्यानं एकदाही विचारलं नव्हतं, तुझं गाव कुठलं रे?

"अहो, सांगा ना," वनमाला कुजबुजली.

धोंडूनं गारठलेला नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. "गाव नाय तर पत्तो सांगा. कायतरी सांगा! हद्द सांगल्याशिवाय नारळ खाली ठेवूक येणा नाय."

रेशनिंगच्या खिडकीपाशी गोंधळतो तसा जयवंत गोंधळला आणि तोंडात बसलेला स्वतःचाच पत्ता बोलून गेला. "पंतनगर, घाटकोपर पूर्व."

"...तर बा देवा म्हाराजा, ह्या मिक्लोशाक पंतनगरच्या हद्दीत सुखान ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारी इतक्या जोरात ओरडले की श्रीखंडावरचं झाकण वाजलं.

नारळ फुटला.

"अहो, काय केलंत हे!" वनमालानं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"झाला ता झाला," धोंडू म्हणाला. "आता तो तुमचोच. वर्साक एकदा पान वाढा." आणि थंडी वाजतेय म्हणून मिक्लोशची अर्धी बाटली त्यानंच संपवली.

दुपार कलली, माणसं पांगली. जयवंत टेबलाशी जाऊन बसला. महिनाअखेर आता हुकणार, हे त्याला कळत होतं. स्वतःच्या कवितेचं पान त्यानं बाजूला सारलं, बोटं काखेत धरून ऊब दिली, कोरा कागद ओढला. समोर वाफ उमटली.

गंजलेल्या फ्रेंचमध्ये, शब्द शोधत शोधत त्यानं विचारलं, तुझं गाव कुठलं रे? वाफ थबकली. मग लहान लहान पुंजके सुटायला लागले, एकामागून एक, घाईघाईनं बोलणाऱ्या माणसासारखे.

"काय म्हणतोय तो?" वनमालानं दारातून विचारलं.

"हळू गं," जयवंत लिहिता लिहिता म्हणाला. "आत्ताशी नदीपर्यंत आलाय."