न्यूट्रलमध्ये उतरलेला घाट

मित्रांनो, भंगाराच्या दुकानात गंजलेल्या पत्र्यांखाली तुम्हाला एखादी वाकडी काळी सळई दिसली, तर ती नुसती सळई आहे असं समजू नका. ती मी असेन. मी एका पिकअप गाडीचा गिअरचा दांडा आहे. माझ्या डोक्यावरच्या गोळ्यावर पूर्वी एक ते पाच आकडे पांढऱ्या रंगात होते. तळहातांच्या घामाने ते कधीच पुसले गेले.

माझं काम तसं छोटं होतं. इंजिन एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात फिरत असलं, की थोड्या डिझेलमध्ये पुष्कळ काम करतं. रस्ता चढाचा असो की सपाट, गाडी भरलेली असो की रिकामी, इंजिनाला त्या पट्ट्यात ठेवायचं, एवढ्यासाठी गिअर असतात. मोठा गिअर टाकला की डिझेल वाचतं, असं पुष्कळांना वाटतं. सपाट रस्त्यावर ते खरंही आहे. पण ओझं घेऊन चढताना मोठा गिअर ठेवला, तर इंजिन कण्हायला लागतं. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा लागतो, आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे जातं. ते कण्हणं सगळ्यांत आधी मला कळायचं, कारण मी थरथरायचो.

माझ्यावर सर्वांत जास्त काळ जो हात राहिला, तो बन्सीचा. सोयगावहून भाजीपाला आणि मिरची भरायची, अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगरच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, उतरवायची, आणि येताना खताची पोती घेऊन यायचं, हा आमचा नेम. बन्सी मला घाईने ओढत नसे. तळहात टेकवून थोडा थांबायचा, माझी थरथर ओळखायचा आणि मग गिअर बदलायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि त्याने ते कधी मोडलं नव्हतं.

त्याची मुलगी संध्या शहरात विज्ञान शिकत होती. ती मुकुंदवाडीला कडूबाई आत्याकडे राहायची आणि शनिवारी आमच्याबरोबर गावी यायची. बाप-लेकीचं रस्ताभर चालू असायचं. तिने इंजिनाविषयी काही सांगितलं, की बन्सी विचारायचा, तुमच्या कालेजातल्या गाडीला चाकं तरी हायेत का? ती म्हणायची, हायेत, पण वर्गात उभ्या-उभ्याच फिरतात. मग दोघंही हसायची. ते दिवस बरे होते.

आमचे मालक इंद्रजीत यांच्याकडे तेव्हा दोन पिकअप होत्या. धंदा मंदावला, त्यांनी एक विकून टाकली. चालक मात्र दोन उरले, बन्सी आणि सत्यम. मालकांनी सांगितलं, की आळीपाळीने एक-एक हप्ता चालवा, दिवाळीपर्यंत ज्याचं ॲव्हरेज चांगलं येईल तो कामावर राहील. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, त्याला चालक ॲव्हरेज म्हणतात. तेव्हापासून माझ्यावर दोन हात आले.

सत्यम वाईट नव्हता. तरुण होता, बोलका होता. पण तो भरली गाडी चौथ्या गिअरमध्येच ओढायचा, आणि येताना घाटाचा उतार लागला की मला न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचा. न्यूट्रल म्हणजे मी कुठल्याच गिअरमध्ये नाही. इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे. सोयगावच्या चहाच्या टपरीवर तो बन्सीला सगळ्यांदेखत टोमणा मारायचा.

"बन्सीदादा, उतारालाबी डिझेल जाळता व्हय? देवानं घाट फुकट दिलाय, घ्या की."

लोक हसायचे. बन्सी कपातला चहा संपवून उठायचा.

काही हप्त्यांनी आकडा सत्यमचा मोठा आला. त्याचं कारण न्यूट्रल नव्हतं, मित्रांनो. त्याच्या पाळीला मिरचीची आवक कमी होती. गाडी अर्धी रिकामी जात होती. येतानाही पोती मोजकीच असायची. बन्सीच्या पाळीला माल हौद्याच्या वर रचलेला असायचा. मालकांनी ते पाहिलं नाही. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले आणि मान हलवली.

त्या शनिवारी संध्याला हे सारं कळलं. सिल्लोड मागे पडल्यावर तिने विषय काढला.

"अण्णा, त्याच्या हप्त्यात माल अर्धा होता. ओझं सारखं नसलं तर अशी तुलना होतच नाही. मालकांना सांगा ना."

"मालकाला सांगू, की तुमचं चुकलं म्हणून?"

"बरं, नका सांगू. पण तुम्ही न्यूट्रल टाकू नका. न्यूट्रलला इंजिन चालूच असतं, त्याला डिझेल लागतंच. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. मग डिझेल जळतच नाही."

बन्सीचा तळहात माझ्यावर होता, पण तो माझी थरथर ऐकत नव्हता.

"तुझं खरं असंल, पोरी," तो म्हणाला. "पण आकडा त्याचा मोठा आलाय."

पुढच्या हप्त्यात, एका दुपारी आम्ही खताची पोती भरून परतत होतो. गाडीत बन्सी एकटाच होता. घाटाच्या तोंडाशी त्याने मला तिसऱ्या गिअरमधून काढलं आणि न्यूट्रलमध्ये सोडलं. इंजिन हलकं झालं, जणू त्याचं या गाडीशी नातंच नाही. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीचा वेग धरून ठेवतं; आता सगळा भार ब्रेकवर आला. पहिल्या वळणाला ब्रेकने ऐकलं. पुढच्या वळणांवर ब्रेकच्या तापलेल्या लायनरचा करपट वास केबिनमध्ये शिरला. मग बन्सीचा पाय खाली जात राहिला आणि वेग कमी होईना.

त्याने मला तिसऱ्यात ढकललं. इतक्या वेगात गिअरच्या चक्रांचे दात जुळेनात. करकर आवाज झाला आणि मी परत फेकलो गेलो. त्याने पुन्हा ढकललं. मग त्याने दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या अंगावर घातली. मी वाकलो तो तिथेच. बन्सीचा डावा हात माझ्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये होता.

मालक आले, तेव्हा बन्सी कठड्यावर बसला होता. हाताला गमछा गुंडाळलेला होता. मालकांबरोबर सत्यमही होता. मालकांनी केबिनमध्ये वाकून माझ्याकडे पाहिलं.

"न्यूट्रलला होती का रे गाडी?"

"व्हय, मालक."

"मी कधी म्हणालो तुला न्यूट्रल टाक म्हणून?"

"नाय," बन्सी म्हणाला. "तुमी नाय म्हणले."

सत्यम खाली बघत राहिला. फुटलेल्या पोत्यांतलं खत रस्त्यावर पसरलं होतं.

गाडी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. त्यामुळे काम बन्सीचंही राहिलं नाही आणि सत्यमचंही. गाडी तोडायला नेली, त्या दिवशी संध्या वडिलांचा डबा आणि चादर न्यायला आली होती. तोडणाऱ्याने तिला विचारलं, हात कसा आहे. ती म्हणाली, बोटं मिटत नाहीत. मग ती थोडा वेळ त्या मोडक्या केबिनमध्ये आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि डबा-चादर घेऊन उतरली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. चढाला इंजिन कण्हू लागलं तर खालचा गिअर घ्या. त्यात कमीपणा नाही. उताराला गाडी गिअरमध्येच ठेवा. आणि तुमच्यातलं कुणी गाड्यांचं मालक झालं, तर चालकाला त्याचा आकडा जरूर विचारा. पण त्याआधी एवढं विचारा, की गाडीत ओझं किती होतं.