स्वतःचाच पुरावा

अल्बेनियन भाषेतले कोणते शब्द लॅटिनमधून आले, हे सांगणाऱ्या कोशाचं काम त्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं चाललं होतं. संपादक अप्पा आणि सहसंपादक त्यांची मुलगी. ‘पेश्क’ म्हणजे मासा, लॅटिनमध्ये ‘पिस्किस’, असे सरळ शब्द केव्हाच मार्गी लागले. राहिले ते नाठाळ. त्यांच्यापायी हिची विशी गेली, तिशी गेली, चाळिशीही निम्मी सरली. “कोश हातावेगळा कर, मग खुशाल जा,” असं अप्पा म्हणत. आज शेवटचं प्रूफ होतं. परक्या शहरातली नोकरी तिने पत्करली होती आणि उद्याचं तिकीट पर्समध्ये होतं.

नियम असा, की प्रत्येक शब्दाच्या कार्डावर पुरावा हवा, आणि तोही बाहेरच्या अभ्यासकाचा. मेंढपाळांच्या तोंडच्या एका शब्दापाशी तिने सवयीने पुरावा पडताळला. एका जाडजूड ग्रंथातली तळटीप होती. तळटीप म्हणत होती, ‘कोशाच्या संपादकांच्या पत्रावरून.’ म्हणजे अप्पांच्याच! तिने फाइलमधून पत्राची प्रत काढली. प्रतीला एक कार्ड टाचलेलं होतं. अक्षर तिचं होतं, बाविसाव्या वर्षीचं. ‘लॅटिन असेल. नुसता अंदाज.’ शेवटचे दोन शब्द अप्पांनी लाल शाईने खोडले होते.

तिचा अंदाजच गावभर फिरून पुरावा बनून परत आला होता. वर त्याच्या भरवशावर आणखी दोनशे शब्द लॅटिनच्या पदरात घातलेले.

“अप्पा, हे तुम्हाला माहीत होतं?”

“पंधरा वर्षांपूर्वी लक्षात आलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तेव्हा तू जायची गोष्ट काढत नव्हतीस.”

“एवढे शब्द पुन्हा तपासायचे म्हणजे आणखी चार वर्षं जातील, अप्पा.”

“मी कुठे अडवतोय? सही कर आणि जा.”

सही ठोकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिला अप्पांचा भयंकर संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण खोटं छापायला आपला हात धजणार नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तिने प्रूफवर ‘छपाई थांबवावी’ असं लिहिलं.

अप्पांनी खण उघडला. दोनशे कार्डांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून तयारच होता.