नसलेल्या जिल्ह्याचं टपाल

पॅशलर मास्तरांची अक्कल त्यांच्याच शाळेत नापास झाली असती. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

चौऱ्याहत्तरच्या एक एप्रिलला सरकारनं इंग्लंडातला आमचा हंटिंगडनशर जिल्हा पुसून केंब्रिजशरमध्ये घातला. गावानं चार दिवस हळहळ केली नि बटाटे लावायला गेलं. मास्तर मात्र पेटले.

"शिकाऱ्याची टेकडी म्हणून हंटिंगडन, गिफर्डबाई! हजार वर्षांचं नाव!" माझ्या टपालाच्या खिडकीशी रांग अडवून त्यांची शिकवणी चालायची. पत्त्यात लिहायचं ऑक्सफर्डशरचं छोटं नाव ऑक्सन लॅटिनमधून आलं, श्रॉपशरचं सॅलप नॉर्मनांच्या बोबड्या जिभेतून. मागे रांगेत गावातली म्हातारी टॅब एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मग स्वारीनं पणच केला. पत्त्यात 'केंब्स', म्हणजे केंब्रिजशर, दिसलं की पाकीट न फोडता परत, वर लाल शाईत शेरा: 'असा जिल्हा नाही.' दंतवैद्यानं दिलेली तारीखही अशीच परत धाडली आणि महिनाभर सुजलेला गाल घेऊन हिंडले. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही!

जूनमध्ये उत्तरेतल्या लीड्सहून पाकीट आलं. अक्षर रोझलिंडचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं. तिनं ट्रकवाल्याशी लग्न केलं म्हणून मास्तर नको ते बोलले होते, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी, दुसरीकडेच बघत, मला विचारायचे, "उत्तरेकडचं काही?"

आज होतं. पण पत्त्यात केंब्स. त्या पोरीला बिचारीला काय ठाऊक?

"मास्तर, लेकीचं आहे. फोडा हो!"

त्यांनी अक्षरावरून अंगठा फिरवला, मी पाहिलं. तरी खिशातून लाल पेन निघालंच. "तत्त्व म्हणजे तत्त्व."

"मग तत्त्वच खा चहात बुडवून!" मी ओरडले. इतका संताप मला नवऱ्यावरही कधी आला नव्हता. पत्र परत गेलं.

दोन आठवड्यांनी उघडं कार्ड आलं. वाचलं मी, लपवत नाही. पत्त्यात ठसठशीत 'हंट्स', म्हणजे आमचं जुनं हंटिंगडनशर.

'बाबा, रविवारी बाळाचा बाप्तिस्मा झाला. तीन वाजेपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती. पत्ता आता बरोबर आहे ना? यापुढे लिहिणार नाही.'

मास्तरांनी ते खिडकीशीच उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. लाल पेनाला हात लावला नाही. चांगली अद्दल घडली, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर एक पाकीट घेऊन आले, लेकीच्या नावाचं. नीट चिकटवलंय का बघायला मी ते पालथं केलं. मागे त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला होता, शाळेत फळ्यावर लिहीत तसा, मोठ्या अक्षरांत. गावाचं नाव, आणि खाली केंब्रिजशर.

"पोचेल ना उत्तर?" त्यांनी विचारलं.

मी तिकीट लावलं. आणि ते पाकीट उत्तरेकडच्या थैलीत सगळ्यात वर ठेवलं.