वारेआड लपलेला ताप

मी एक जैवसंवेदक. नाव भारदस्त असलं तरी अंगाने साबणाच्या वडीएवढा. पुढे एक फट, वर इवलीशी काच. फटीत पट्टी सरकवतात आणि तिच्यावर रुग्णाच्या बोटातलं थेंबभर रक्त सोडतात. पट्टीच्या टोकाला सोन्याचा पातळ थर असतो, त्यावर प्रतिपिंडं बसवलेली असतात. मलेरियाच्या परजीवीने रक्तात सोडलेलं प्रथिन भेटलं की ती त्याला घट्ट धरतात, पट्टीतली वीज किंचित बदलते आणि मी काचेवर निकाल दाखवतो. दुसरं काही मला येत नाही.

मला घडवलं एका प्रयोगशाळेतल्या ताईने. कितीतरी पट्ट्या वाया गेल्यावर मी पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं, तेव्हा ती हातातला कप तसाच ठेवून शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना ओढून घेऊन आली. एवढं कौतुक पोटच्या पोराचंही होत नसेल.

तिथून मी नदीकाठच्या एका प्रसूतिगृहात आलो. तिथे रक्त तपासायचे भिंगवाले काका. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवून परजीवी हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, "खेळणं बरं आहे," म्हणाले आणि हातमोज्यांच्या खोक्यामागे ठेवून दिलं. तिथेच मी धूळ खात पडलो.

एके दिवशी सायकल दुरुस्त करणारी एक बाई तिच्या सासूबरोबर आली. सातवा महिना चालू होता. ताप येत होता, जात होता आणि अंगात त्राण नव्हतं. काकांनी दोनदा काचपट्टी पाहिली. काही सापडलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, ते नवीन यंत्र काढा की."

"अहो, काचपट्टी स्वच्छ आहे. मी स्वतः पाहिलीय."

सायकलवाली मध्येच बोलली, "ट्यूब नुसती बघून पंक्चर सापडत नाही, काका. पाण्यात बुडवावी लागते. घ्या माझं बोट."

"हिच्या जिभेला तेवढा ताप आलेला नाही बघा," सासूबाई म्हणाल्या. पण सुनेचा हात त्यांनी सोडला नव्हता.

थेंब पडला आणि मी सांगितलं, आहे. काकांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, नवी पट्टी घातली. मी म्हणालो, नाही. पुन्हा सायकलवालीचं रक्त घेतलं. आहे.

"याआधी कधी मलेरियाचं औषध घेतलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. कारण बरं झाल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं. तिने कधीच घेतलं नव्हतं.

मग त्यांनी दोघींना समजावलं. गरोदरपणात हे परजीवी वारेत, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवात, दडून बसतात. बोटातल्या रक्तात ते सापडतीलच असं नाही, पण त्यांचं प्रथिन अंगभर फिरत असतं. वेळीच औषध नाही दिलं तर बाळाची वाढ खुंटते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग आत्ताच द्या."

औषध लागू पडलं. ताप उतरला. पुढच्या तपासणीला ती आली ती थेट भूक लागल्याची तक्रार घेऊनच. दिवस भरले आणि मुलगी झाली. चांगली बाळसेदार, आवाज तर असा खणखणीत की बाहेर बसलेल्या सासूबाईंनी आतून कुणी सांगायच्या आधीच डोळ्यांना पदर लावला.

काकांनी वारेचा एक तुकडा मागून घेतला. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. परजीवी नव्हते, पण त्यांनी मागे सोडलेले काळपट रंगकण जागोजागी दिसत होते. काका मान वर करून हसले आणि खोलीत दुसरं कुणी नसल्याने मलाच म्हणाले, "होते रे बाबा. तुझंच खरं."

आता मी सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी बसतो. कोपरे झिजलेत, काच थोडी अंधूक झालीय. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत काकांचं आणि माझं पटलं नाही, तर डॉक्टरबाई दोघांचंही ऐकून घेतात आणि मग ठरवतात. मला ते आवडतं.

तुम्हाला एकच विनवणी. ताप अंगावर काढू नका. लवकर या, बोट पुढे करा. थोडं टोचेल, तेवढं सोसा. "नाही" असा निकाल दाखवायला मला सगळ्यात जास्त आनंद होतो, आणि "आहे" म्हणालो तरी घाबरू नका. सापडलेल्या दुखण्यावर इलाज करता येतो.