मधला स्पीकर

नाहूरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये पाच स्पीकर आणि वर तो रिसीव्हरचा ठोकळा! श्वेताने हे सगळं घेतलं ते हौसेपोटी नव्हे. तिच्या आईला, मालनला, वर्षभरात डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं, उजव्यानेही जेमतेमच. टीव्हीवरचं बोलणं कळेना, म्हणून ती आवडती सिरीयल सोडून स्वयंपाकघरात एकटीच बसायची. ते श्वेताला बघवत नव्हतं.

रविवारी ती माहितीपुस्तिका उघडून बसली. लाल वायर लाल टोकात, काळी काळ्यात. दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूंना, दोन सोफ्यामागे, मधला टीव्हीखाली. बाबा दातांनी वायरी सोलून देत गालात हसत होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं मांडवांमध्ये आवाजाचं काम केलं होतं. पोरगी पुस्तक बघून वायरी जोडतेय याची त्यांना भारी गंमत वाटत होती.

सिरीयल लावली तशी खिडकीची काच थरथरली. आई दोन मिनिटं बसली, "झकास हा गो," म्हणून हसली आणि भात बघायला उठली. ते हसू श्वेता ओळखून होती. काही कळलं नाही की आई अशीच हसायची. श्वेताला रडूच यायचं बाकी राहिलं.

"बाबा, सगळं बरोबर जोडलंय ना? मग?"

"जोडलंस बरोबर. आम्ही मांडवात मशीनजवळ उभं राहून आवाज लावायचो नाय. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीजवळ जाऊन बसायचो. तिला ऐकू आलं की झालं काम. ह्यात माणसांचं बोलणं कुठनं येतं?"

"मधल्यातून."

बाबांनी मधला स्पीकर उचलला, वायर भिंतीच्या कडेने आणली आणि तो स्टुलावर, आईच्या जागेच्या उजवीकडे, अगदी कानाशी ठेवला. श्वेताने बाकीच्या चारांचा आवाज बारीक केला, ह्याचा वाढवला. पुस्तिका लिहिणाऱ्याने कपाळावर हात मारला असता.

आईला पुन्हा आणून बसवलं. पडद्यावरची सून हळूच काहीतरी बोलली आणि आई ताठ झाली. बाबा सवयीने तिच्याजवळ वाकून ओरडले, "काय गो, येता आयकाक?"

"अवो, गप रवा जरा!" टीव्हीवरची नजर न काढता तिने त्यांना हाताने बाजूला सारलं. "ती काय बोलता ता आयकाक देवा."

बाबा मुकाट्याने खाली बसले. बायकोचा ओरडा खाऊन इतका खूश झालेला नवरा श्वेताने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.