श्वेताच्या जवळचं कोण

इंग्रजी शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. शिकवलं आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या श्वेतानं. तिचा नवरा सुशांत कॉम्प्युटरच्या कंपनीत, सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेलेला. हिला आठवा लागलेला, पुण्याला माहेरी जायचं ठरलेलं. तोवर वेळ जात नाही म्हणून बाईसाहेब मला शिकवायला बसल्या. मल्लेश्वरमला आमच्या तीन पिढ्या गेल्या, कानडी तर पाण्यासारखी येते, पण इंग्रजी म्हटलं की माझी बोबडी वळायची. आमच्या ह्यांच्या साड्यांच्या दुकानात हल्ली इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं येत, तेव्हा म्हटलं, शिकू या स्वल्प.

त्या आठवड्यात धडा होता जवळिकीचा. फ्रेंडला क्लोज लावायचं, फ्युचरला निअर, नेबरला नेक्स्ट-डोअर. मी म्हटलं, अगं, तू तर माझ्या डोक्यावर राहतेस, शेजारच्या दारात कुठे? हसली, पण सूट दिली नाही. मग मला तिनं विचारलं, मी तुमची कोण? आमच्याकडे घरात पाऊल टाकणारी प्रत्येक बाई अक्का नाहीतर बहीण असते, भाजीवालीसुद्धा. मी बेधडक 'सिस्टर' म्हणून मोकळी झाले. पुण्याची ती, तिला हे गळ्यात पडणं वाटायचं. म्हणाली, "वसुमतीबाई, उगाच नाती नका हो जोडत जाऊ." मला लागलं ते. दोन दिवस मी वर फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर श्वेता मोरीच्या दारात पडलेली, आणि साडी रक्तानं भिजलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ह्यांना दुकानात फोन केला, तर हे माल आणायला गेलेले. समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली, दोघांनी तिला धरून उतरवलं आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं.

तिथल्या डॉक्टर हेमावती तरुण, घाईतल्या. श्वेताला आत घेतलं आणि मला दारातच अडवून विचारलं, "क्लोज रिलेटिव्ह?"

"येस," मी म्हटलं. "सिस्टर."

खोटं बोलायचं असं मनात नव्हतं हो. तोंडातून निघालं, रोज निघतं तसं. पण डॉक्टरीणबाईंनी ते खरं धरलं. कानडीतून भराभरा सांगू लागल्या, रक्त थांबत नाही, मूल आत्ताच काढावं लागेल, तुम्ही सख्ख्या आहात ते बरं झालं. आणि विचारलं, हिला लहानपणापासून कुठलं औषध, कुठलं इंजेक्शन बाधलंय का?

मला काय ठाऊक? मला ठाऊक इतकंच, की ती कढीत साखर घालते. खरं सांगितलं तर मला बाहेर काढतील आणि पोरीजवळ कुणीच उरणार नाही. नर्सच्या हातात तर सुई तयार होती. 'नाही' म्हणायला काय लागतं? तो एक शब्द अगदी ओठांवर आला होता. पण बाधलं असलं तर?

"थांबा," मी ओरडले. "मी बहीण नाही. भाडेकरू आहे ती माझी. मला काही माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी असं बघितलं माझ्याकडे, की धरणी दुभंगावी असं वाटलं. मग आत जाऊन त्यांनी श्वेताला हलवून विचारलं, इंग्रजीत, मग कानडीत. इतकी इंग्रजी बोलणारी मुलगी, पण ग्लानीत नुसती "आई, आई" करत होती. शेवटी मलाच आत ओढलं. मी तिचे गाल थोपटले, म्हटलं, "श्वेता, बाळा, कुठलं औषध बाधतं गं तुला?"

पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा ओठ हलले. "पेनिसिलीन. श्वास बंद पडला होता."

मी कानडीत सांगितलं. नर्सनं हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. ती ठेवताना बघून मी भिंत धरली. कुणीतरी मला दंडाला धरून बाहेर बसवलं आणि दार लावलं.

कोपऱ्यातल्या फोनवरून मी पुण्याला तिच्या आईला ट्रंक कॉल लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. अमेरिकेचा नंबर माझ्याकडे नव्हताच. पुन्हा बाकावर येऊन बसले. पोर गेली तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

किती वेळानं कोण जाणे, नर्स दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि म्हणाली, श्वेताकडचं कोण आहे?

मघाशी नातं सांगून केवढा घोळ घातला होता, पुन्हा तोंड उघडायचा धीर होईना. नर्सनं कॉरिडॉरभर पाहिलं, पुन्हा विचारलं. कुणीच उठलं नाही. ती परत फिरायला लागली तेव्हा मी उठले.

ती बाळ पुढे करत होती. माझे हात पुढे जाईनात.

"आधी तिचं सांगा," मी म्हटलं.

"शुद्धीवर येतेय. भीती टळली," नर्स म्हणाली, आणि बाळ माझ्या हातात दिलं.

मी त्याला छातीशी धरून तिथेच बाकावर बसले आणि रडले. मुलगा की मुलगी, हे विचारायचं राहूनच गेलं.