हे छापायचं नाही

पाण्याचे नमुने तपासण्याची नोकरी सांभाळून ती एका मासिकात संसाराच्या विनोदी गोष्टी लिहायची. गोष्टीतला नवरा दंतवैद्य होता. घरातला खरा नवरा लिफ्टची तपासणी करायचा. तेवढा बदल पुरेसा आहे, असं तिला वाटलं होतं. पण मागच्या गोष्टीत दंतवैद्याने बायकोला जवळ घेण्याआधी पायातले मोजे काढून त्यांची नीट घडी घातली. दौऱ्यावर नवऱ्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या सहकाऱ्यांनी ती घडी लगेच ओळखली. वाढदिवसाला सगळ्या ऑफिसने मिळून त्याला मोजे दिले.

तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मधे मुलगी हातपाय पसरून.

रविवारी दुपारी मुलगी आत्याकडे गेली. ती नवऱ्याजवळ जाऊन बसली.

"आत्या तिला इतक्यात सोडणार नाही."

"मग?"

"मग काय मग!"

त्याने पेपर बाजूला ठेवला. "हे छापायचं नाही."

"नाही."

"दंतवैद्याच्या नावावरही नाही."

"तुझी शपथ."

"माझी नको. माझं व्हायचं ते झालंय."

दोघंही हसली. त्याने तिला जवळ ओढलं. त्याच्या मानेला ग्रीसचा पुसटसा वास होता. किती दिवस तिला एवढंच हवं होतं.

आणि त्याच्या पोटरीत गोळा आला.

"आई गं!" करत तो एका पायावर खोलीभर नाचला, आधाराला कपाट धरलं, कपाट उघडलं आणि वरच्या रजया त्याच्या अंगावर कोसळल्या. ढिगातून आवाज आला, "हसू नकोस."

ती हसत नव्हती. धावत जाऊन तिने रजया ओढल्या, त्याची पोटरी चोळायला घेतली. फक्त मनात दंतवैद्य रजयांखाली गेला होता, आणि वाक्य 'कोसळल्या'वर संपवावं की पुढे न्यावं, हे ठरत नव्हतं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मनात वाक्य जुळवताना ते हलायचे, हे त्याला ठाऊक होतं.

"हलतायत," तो म्हणाला.

तिने ओठ घट्ट मिटले. "मी नाही लिहिणार. खरंच."

"माहीत आहे." तो चिडलाही नव्हता. "पण लिहून झालंय ना?"

ती मान खाली घालून पोटरी चोळत राहिली. हाताखालचा गोळा हळूहळू सैल होत होता. त्याने पाय काढून घेतला, उठला, लंगडत स्वयंपाकघरात गेला.

"चहा टाकतो," तो तिथून म्हणाला. मग पाहुण्याला विचारावं तसं त्याने विचारलं, "साखर किती घालू?"

इतक्या वर्षांत हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं.

"एक चमचा," ती म्हणाली.